वापरलेल्या इलेक्ट्रिक गिटारी : नावाचे मोल आणि घडणीचे मोल

वाद्याचा गुण आणि वाद्याचा बाजारभाव एकाच वाटेने चालतात, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु इलेक्ट्रिक गिटारीच्या बाजारात ज्याने थोडा काळ डोळसपणे घालवला आहे, त्याला हे पक्के ठाऊक असते की कारखान्यातून निघताना जिची घडण उत्तम होती आणि दहा वर्षे वाजवली गेल्यावरही जिच्या मानेत दोष शिरलेला नाही, अशी गिटार केवळ तिच्या शिरावर मातब्बर नाव छापलेले नाही एवढ्याच कारणास्तव निम्म्या मोलाने, प्रसंगी त्याहूनही कमी मोलाने हस्तांतरित होत असते. वाद्याकडे मालमत्ता म्हणून पाहणाऱ्याला हा तोटा वाटतो; पण ज्याला वाजवायचे आहे, आणि आडत्याकडच्या सोयाबीनच्या पट्टीतून घरखर्च भागल्यावर ज्याच्या गाठीला थोडकेच पैसे उरतात, त्याच्यासाठी हीच मंदी सर्वांत मोठी संधी आहे. या बाजाराचा आढावा घेताना माझ्या डोळ्यांसमोर मुंबई-पुण्याचा हौशी संग्राहक नाही, बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळघाटातला मुलगा आहे.

अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावणाऱ्या पैनगंगेच्या या मुलखात वाद्यांची वाण नाही. भजनी मंडळाची पेटी आणि मृदंग, भीमजयंतीच्या गाण्यांची पार्टी, लग्नाच्या वरातीपुढचा बँजो, हे सारे आमच्या कानांवर लहानपणापासून पडलेले आहे. त्यातला बँजो म्हणजे वस्तुतः बुलबुल तरंग. 1912 साली जपानात नागोया येथे निर्माण झालेल्या तायशोगोतो या वाद्याचा वंशज. वरातीतल्या बँजोच्या तारांखाली पिकअप बसवलेला असतो आणि तारेचे कंपन विजेच्या रूपाने कर्ण्यापर्यंत जाते, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारीचे मूलतत्त्व आमच्याकडच्या पोराला शिकवावे लागत नाही, ते त्याच्या बोटांत आधीच असते. त्याच्यापाशी नसते ते एवढेच की कोणती गिटार पाहावी, कोठे पाहावी आणि काय पारखून घ्यावे.

स्वस्तात चांगली गिटार मिळू शकते याचे कारण या वाद्याच्या जन्मातच आहे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवणारा लिओ फेंडर हा गृहस्थ स्वतः गिटारवादक नव्हता. 1950 च्या सुमारास त्याने जी गिटार सिद्ध केली, आणि 1954 साली जी स्ट्रॅटोकॅस्टर बाजारात आणली, तिचे धड म्हणजे एक भरीव फळी आणि मान म्हणजे चार स्क्रूंनी त्या फळीला जखडलेला दुसरा तुकडा. व्हायोलिनच्या पोकळ पेटीत जे पिढीजात कसब ओतावे लागते त्याची येथे गरज उरली नाही. अचूक यंत्रे, वाळलेले लाकूड आणि इमानी तपासणी असली की तीच गिटार पृथ्वीच्या पाठीवर कोठेही तशीच बनू शकते. 1965 साली सीबीएस या कंपनीने फेंडरचा कारखाना 1 कोटी 30 लाख डॉलरना विकत घेतल्यावर तेथील कामाचा दर्जा घसरला अशी वादकांची तक्रार होऊ लागली, आणि 1970 च्या दशकात जपानी कारखानदारांनी अमेरिकी नमुन्यांच्या इतक्या हुबेहूब आणि इतक्या नेटक्या प्रतिकृती काढल्या की 1977 मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीला इबानेझच्या अमेरिकेतील वितरकावर दावा गुदरावा लागला. पुढे 1982 साली फेंडरने स्वतःच जपानात उत्पादन सुरू करून स्क्वायर ही मालिका काढली; येन महागल्यावर काम कोरियाकडे, आणि कालांतराने इंडोनेशिया व चीनकडे गेले.

या स्थलांतराचा जो परिणाम झाला तो खरेदीदाराने नीट मनावर घेतला पाहिजे. कोर-टेक ही मूळची कोरियन कंपनी कॉर्ट या स्वतःच्या नावाने गिटारी विकते, आणि इंडोनेशियातील तिच्याच कारखान्यांतून इबानेझ व स्क्वायर या नावांच्याही गिटारी निघालेल्या आहेत. स्क्वायरच्या क्रमांकापुढे जी ‘आयसीएस’ ही अक्षरे दिसतात ती इंडोनेशिया, कॉर्ट आणि स्क्वायर या तीन शब्दांची आद्याक्षरे मानली जातात. तेच कारागीर, तीच यंत्रे आणि पुष्कळदा त्याच जातीचे लाकूड असूनही जुन्या बाजारात कॉर्टला गिऱ्हाईक कमी असते, म्हणून तिचा भाव लवकर उतरतो. नावासाठी मोजलेला पैसा वाद्यात उतरत नाही, हे माझे म्हणणे याहून स्पष्ट दाखल्याने सिद्ध करता येणार नाही.

आपल्याकडची हकीकत थोडी निराळी. उपभोग्य वस्तूंच्या आयातीवरची शेवटची संख्यात्मक बंधने 1 एप्रिल 2001 रोजी उठली, तोवर परदेशी गिटार म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्या एखाद्या नातेवाइकाने आणलेली चीज. बाकीच्यांचे शिक्षण कोलकात्यात बनलेल्या गिब्टोन आणि हॉब्नर यांवर होई. आज मुंबईत धोबी तलावाजवळ, जेथे 1865 पासूनची परंपरा सांगणारे फुर्टाडोंचे दुकान आहे, तेथे नव्या गिटारींच्या रांगा लागलेल्या असतात. पण जुन्या मालाचा खरा ओघ पुण्याच्या अभियांत्रिकी वसतिगृहांतून वाहतो. पहिल्या वर्षी हौसेने घेतलेली गिटार शेवटच्या वर्षी, नोकरीचे पत्र हाती पडून गाव सोडण्याची वेळ आली की विकावी लागते, आणि विकणाऱ्याला भावापेक्षा घाई अधिक असते. म्हणून मे आणि जून हे दोन महिने खरेदीदाराने हातचे जाऊ देऊ नयेत.

नावे सांगायचीच तर यामाहाच्या पॅसिफिका मालिकेला मी निःसंकोच अग्रमान देतो. मात्र तिच्यातही 012 आणि 112 हा भेद कटाक्षाने पाहावा: 112 चे धड भरीव अल्डर लाकडाचे असते, 012 चे हलक्या प्रतीच्या अगाथिसचे, आणि जाहिरात देणारा पुष्कळदा नुसते ‘पॅसिफिका’ एवढेच लिहून मोकळा होतो. स्क्वायरची क्लासिक व्हाइब ही 2008 पासूनची मालिका तिच्या नावाच्या मानाने फार चांगली आहे. तिसरा प्रकार, ज्याकडे सहसा कोणी वळत नाही, तो फ्लॉइड रोझ पद्धतीच्या ब्रिजवाल्या गिटारींचा, विशेषतः इबानेझच्या आरजी मालिकेचा. या ब्रिजमध्ये तारा दोन्ही टोकांना आवळलेल्या असतात आणि स्प्रिंगांचा व तारांचा ताण एकमेकांना तोलून धरतो; एक तार तुटली की साऱ्या बेसूर होतात, नवशिका कंटाळतो आणि वाद्य विकायला काढतो. ज्याच्या अंगी चिकाटी आहे त्याने तारा बदलण्याची ही रीत एकदा सावकाश शिकून घ्यावी, कारण त्या कंटाळ्यापोटी फार मोठी सूट मिळते.

वाद्य पाहायला गेल्यावर आवाजाने भुलू नये, प्रथम मान पाहावी. जाडी तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने आणि शेवटच्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने दाबून धरली की ती तारच सरळ पट्टीचे काम करते; मग सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत पोस्टकार्ड सरकेल एवढी फट असावी. फट मुळीच नसेल किंवा फार असेल तर मानेत बसवलेली पोलादी ट्रस रॉड किल्लीने पाव वळसा फिरवून पाहण्याची परवानगी विक्रेत्याकडे मागावी. रॉड फिरत नसेल, अथवा आधीच शेवटपर्यंत आवळलेली असेल, तर भाव कितीही उतरवला तरी सौदा करू नये. नंतर प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट दाबून एकेक स्वर ऐकावा, आणि पहिल्या तीन फ्रेटवर तारांनी पाडलेल्या चरांवरून नख फिरवावे. उथळ चर घासून नाहीसे होतात, खोल चर असतील तर नव्या फ्रेटचा खर्च गिटारीच्या किमतीत धरावा. गिब्सन आणि एपिफोन यांच्या गिटारींत हेडस्टॉक मागे झुकलेला असतो आणि पडल्यावर तो मानेपाशीच मोडतो, म्हणून तेथल्या रोगणावर जोडाची बारीक रेघ आहे काय ते उजेडात तिरपे धरून पाहावे. गिब्सनच्या नावाने येणाऱ्या बनावट गिटारींत हेडस्टॉकवरच्या छोट्या झाकणाला पुष्कळदा तीन स्क्रू असतात. अस्सल गिब्सनला दोन असतात.

विजेच्या भागाची भीती बाळगण्याचे मात्र काही कारण नाही, आणि भाव पाडण्यासाठी सर्वांत उपयोगी पडणारे दोष तेथेच सापडतात. बटण फिरवताना खरखर झाली तर बहुधा धूळ असते, ती टीव्हीदुरुस्तीच्या दुकानातल्या क्लीनरने जाते. एखादा पिकअप मुका असेल तर शेतपंपाच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या गावच्या कारागिराकडचा मल्टीमीटर लावावा: एकेरी कॉइलचा रोध साधारण 5 ते 8 किलो-ओहम भरला तर पिकअप शाबूत आहे आणि दोष केवळ सुटलेल्या टाक्याचा आहे, काटा हललाच नाही तर आतली तार तुटली आहे. ती तार जाडीने मिलिमीटरच्या सहा शतांशांइतकी, म्हणून मोटारीच्या यंत्रावर ती पुन्हा गुंडाळण्याचा मोह टाळावा आणि पिकअपच बदलावा.

फ्रेटबोर्डाच्या लाकडाविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जगभरच्या असंख्य गिटारींचा फ्रेटबोर्ड आपल्याच रानातल्या शिसवीच्या जातीचा असतो. 2 जानेवारी 2017 पासून शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या वन्य जातींच्या व्यापाराविषयीच्या कराराने परवान्याची अट घातली, ती तयार वाद्यांपुरती 2019 च्या अखेरीस उठली. मधल्या काळात पुष्कळ कारखान्यांनी इतर लाकडे वापरली. त्यामुळे 2017 पूर्वीची साधी गिटारही शिसवीच्या फ्रेटबोर्डाची असण्याचा संभव अधिक, आणि विक्रेत्याला त्याची जाण क्वचितच असते.

मुंबईच्या दमट हवेत वाढलेली गिटार आमच्या बाजूच्या कोरड्या उन्हाळ्यात आली की फ्रेटबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोके कडेला बाहेर येऊन तळहाताला टोचू लागतात. हा वाद्याचा दोष नव्हे. महिनाभर ते घरच्या हवेला रुळू द्यावे, बोर्डाला तेलाचा हलका हात द्यावा, आणि मगच टोके बारीक कानशीने मोडावीत. रेल्वेने आणायची असेल तर मलकापूर स्थानकावर उतरून पुढचा राजूर घाट एसटीनेच चढावा लागतो, तेव्हा कापडी पिशवीऐवजी कडक पेटीसाठी चार पैसे अधिक गेले तरी ते सार्थकी लागतात.

राहता राहिला अ‍ॅम्प्लिफायर. गिटार थेट पार्टीच्या मिक्सरला जोडली तर आवाज पातळ आणि बोचरा येतो, कारण तिच्या पिकअपचा क्षीण संकेत त्या यंत्राच्या इनपुटशी जुळत नाही. त्यासाठी नवा अ‍ॅम्प घेण्याची गरज नाही. स्पीकरच्या आवाजाची नक्कल करणारा एखादा जुना मल्टी-इफेक्ट प्रोसेसर, विशेषतः झूम कंपनीचा, गिटारीहूनही झपाट्याने स्वस्त होतो, आणि तो मध्ये जोडला की बँजोवाल्यांच्या त्याच मिक्सरवर, त्याच कर्ण्यांतून, गिटार चांगली वाजते.