दुपारी बाळ कुणाकडे?

पहिली सहा वर्षं : भाग ७

अंगणवाडीत दोन तऱ्हेची मुलं असतात, चटईवरची आणि नुसती पटावरची. तीन ते सहा वर्षांची मुलं रोज सकाळी येतात, गाणी म्हणतात, गरम खिचडी नाहीतर उसळ खातात आणि दुपारी घरी जातात. तीन वर्षांखालच्यांची नावं रजिस्टरमध्ये असतात. त्यांच्या वाट्याला महिन्याचं वजन, लसी आणि घरी न्यायचं आहाराचं पाकीट येतं. पाकीट घरी पोचलं की ते कुणाच्या पोटात जातं हे अंगणवाडीताई पाहू शकत नाहीत. थोरली भावंडं वाटून खातात. चव आवडली नाही म्हणून पाकिटं जनावरांपुढे रिकामी झाल्याच्या तक्रारीही राज्यात अनेकदा झाल्या आहेत.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. मेळघाटातलं धारणी आणि मुंबईतली धारावी ही महाराष्ट्रातली सुरुवातीची ठिकाणं. तेव्हापासून योजनेचा पसारा प्रचंड वाढला, पण तीन वर्षांखालच्या मुलांची ही फट मात्र तशीच राहिली. आणि मूल खंगायला लागतं ते नेमकं याच वयात, सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत. आईचं दूध एकटं पुरेनासं होतं, वरचं अन्न धड सुरू झालेलं नसतं, रांगतं मूल मातीतलं सगळं तोंडात घालतं आणि जुलाब पाठ सोडत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आढळली. ही खुंटलेली उंची बहुतांशी पहिल्या दोन वर्षांतली असते. बालवाडीच्या वयात पोटभर खिचडी मिळाली तरी ती पुरती भरून निघत नाही.

हिशेब साधा आहे. आठ किलो वजनाच्या मुलाच्या पोटात एका वेळी जेमतेम पाव लिटर मावतं. तेवढी पातळ पेज पाजली तर पोट टम्म होतं, मूल शांत झोपतं आणि आईलाही भरवल्याचं समाधान मिळतं. पण पेजेत बहुतेक पाणीच असतं. त्याच वाटीत घट्ट डाळ-भात कालवून वर चमचाभर तेल सोडलं की तेलाच्याच चाळीस-पंचेचाळीस कॅलरी वाढतात. तरीही एवढ्याशा पोटाला दिवसातून पाच वेळा भरवावं लागतं. आई सकाळी आठला भातलावणीला गेली आणि सहाला परतली, तर मधल्या तीन वेळा कोण भरवणार? बहुतेक घरी उत्तर एकच असतं, आठ वर्षांची ताई. वरणात तेल किती घालावं हे आईला शिकवणारी पोस्टरं गावोगाव लागली आहेत. दुपारी आई घरात नसते, हे पोस्टर काढणाऱ्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांच्या मात्र ते फार आधी लक्षात आलं होतं. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. आदिवासी वस्तीतली मुलं शाळेत येईनात, कारण मुली धाकट्याला कडेवर घेऊन बसलेल्या आणि मुलगे गुरांमागे. ताराबाईंनी पालकांना उपदेश केला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकाच ठिकाणी आणली आणि त्या रचनेला नाव दिलं विकासवाडी. धाकटं पाळणाघरात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. गुराख्यांसाठी शाळाच कुरणावर गेली. १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर हललं. मुलांना आंघोळ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं हा तिथे शिक्षणाचाच भाग होता. पुढे देशाने अंगणातली बालवाडी उचलली आणि पाळणाघर मागेच राहिलं.

ते पुन्हा उभं राहिलेलं दिसतं छत्तीसगडमध्ये. बिलासपूरजवळ गनियारीला दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेल्या डॉक्टरांनी जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था उभारली. जंगलालगतच्या गावांत त्यांनी फुलवारी नावाची पाळणाघरं काढली, सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी. गावातलीच एक बाई मुलं सांभाळते, सत्तू आणि तेल घातलेली खिचडी भरवते. राज्य सरकारनेही २०१२ पासून याच नावाने सरगुजा भागात केंद्रं सुरू केली. तिथे आयांनीच आळीपाळीने मुलं सांभाळायची होती.

अशा खोलीत आरोग्य, आहार आणि सुरक्षा ही तीन खाती वेगळी ठेवताच येत नाहीत. लंगोट बदलून झालं की साबणाने हात धुतल्याशिवाय घास कालवायचा नाही. शी पुसायचं फडकं आणि तोंड पुसायचं फडकं एकाच दोरीवर वाळत घालायचं नाही. एकाला जुलाब झाले की चार दिवसांत सगळ्यांना होतात ते बहुतेक इथूनच. जुलाब लागलेल्या मुलाला ओआरएस आणि झिंकची गोळी, तीही चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. शेंगदाणा पौष्टिक खरा, पण या वयाला कूट करूनच द्यायचा. अख्खा दाणा श्वासनलिकेत अडकला तर मिनिटांत जीव जातो. दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल दाखवते. मूल रोज डोळ्यांसमोर असलं की दंड उतरायला लागलेला पट्टीच्या आधीच कळतो.

सुरक्षेचंही गणित घड्याळाशी बांधलेलं आहे. बांगलादेशात घराभोवती तळी-डबकी, आणि एक ते चार वर्षांची मुलं बुडतात ती बहुतेक सकाळच्या वेळात, जेव्हा बायका कामात असतात. म्हणून तिथली आंचल नावाची पाळणाघरं सकाळी नऊ ते एक एवढीच चालतात. तेवढ्यानेही या वयातल्या मुलांचं बुडणं ठळकपणे घटल्याचं अभ्यासांत दिसलं. आपल्याकडे तळ्याच्या जागी बांधकामावरचा उघडा पाण्याचा हौद, खोदलेला खड्डा आणि वर आलेल्या सळया असतात. १९६९ मध्ये दिल्लीत गांधी शताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चालू होतं. तिथे मजुरांची मुलं धुळीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी तंबूत पाळणाघर उघडलं आणि मोबाइल क्रेशेस संस्थेची सुरुवात झाली. मुंबईत हे काम १९७२ मध्ये आलं.

कायदे आहेत. बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तर पाळणाघर सक्तीचं केलं. ठेकेदार आणि उपठेकेदारांत मजूर वाटले गेले की कुणाच्याच हजेरीपटावर पन्नास बायका दिसत नाहीत. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेली पाळणाघराची दुरुस्ती पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांपुरती होती, आणि शेतमजूर बाईला आस्थापनाच नसते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक एकक, एक ‘कोयता’, धरले जातात. मूल फडाच्या कडेला, गाडीच्या सावलीत.

२०२२ पासून केंद्राने पाळणा योजनेखाली अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायला सुरुवात केली. दिवसाला साडेसात तास, महिन्याला २६ दिवस, सहा महिने ते सहा वर्षांची २५ पर्यंत मुलं, एक सेविका आणि एक मदतनीस. कोसबाडची कल्पना जवळजवळ जशीच्या तशी परत आली म्हणायची. पण पंचवीसांपैकी दहाजण रांगते निघाले तर दोन बायकांना भरवणं, धुणं आणि नजर ठेवणं एकाच वेळी झेपणार नाही. खर्च वाचवायचाच असेल तर तो इथल्या माणसांवर वाचवू नये. आणि लावणीच्या, तोडणीच्या हंगामात साडेसात तासही अपुरे आहेत. तिथे केंद्र उघडायची वेळ कार्यालयाने नव्हे, बायकांच्या टोळीने ठरवायला हवी.

(पुढील आठवड्यात : शहरातली खासगी पाळणाघरं. नोंदणी, कॅमेरे आणि आईवडिलांनी विचारायचे प्रश्न)