क्षीरप व अन्नाद : एका घरातील दोन मात्रा

कडेवर पाच महिन्यांचे बाळ आणि पदर धरून अडीच वर्षांचे मूल, अशी माता आपणा सर्वांच्याच चिकित्सालयात येते. आपण दोघांना तपासतो, एकाच कागदावर दोघांचे औषध लिहितो आणि पुढच्या रुग्णाकडे वळतो. तो कागद घरी गेल्यावर काय होते, याचा विचार आम्हीही एका प्रसंगापर्यंत फारसा केला नव्हता.

त्या घरी धाकट्याच्या जन्मानंतर थोरलीची झोप उडाली होती. रात्री रडणे, पुन्हा अंगावर पिण्याचा हट्ट, जेवणाकडे पाठ. नवे बाळ आले की थोरल्या मुलांत हे नेहमी आढळते. त्याला लगेच कृमी ठरविणे ही घाई होय. (गर्भिणी मातेचे दूध पीत राहिलेल्या बालकातील पारिगर्भिकाचा विचार मात्र अशा वेळी अवश्य करावा, तेथे अग्निदीपन हीच मुख्य चिकित्सा.) आम्ही थोरलीस रात्री जायफळ आणि धाकट्याच्या पोटफुगीसाठी मुरडशेंग, दोन्ही उगाळून देण्यास लिहिले. कोणते कोणाला, हे तोंडी सांगितले. वळसे किती, हे लिहिलेच नाही.

घरात सहाण एकच. आजींनी थोरलीसाठी जायफळ सढळ हाताने उगाळले, उरलेल्यातच मुरडशेंग उगाळून बाळाला चाटविली. तीन रात्री हाच क्रम चालला. चौथ्या दिवशी बाळ दुपारपर्यंत नीट जागे होईना, स्तनपान घेईना. त्यास एक दिवस रुग्णालयात निरीक्षणाखाली ठेवावे लागले. बाळ सुखरूप घरी आले. आजींना बोल लावणे सोपे होते, पण चिठ्ठी आमची होती.

वास्तविक या दोन बालकांतील भेद आपल्या संहितांनी स्पष्ट केला आहे. सुश्रुताचार्यांच्या मते एक वर्षापर्यंत क्षीरप, दोन वर्षांपर्यंत क्षीरान्नाद, त्यापुढे अन्नाद. क्षीरपाला बोटाच्या दोन पेरांवर मावेल एवढेच औषध, क्षीरान्नादाला बोराच्या बीएवढा कल्क, अन्नादाला बोराएवढा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे क्षीरपाचे औषध बालकाबरोबर धात्रीलाही द्यावयाचे असते. अन्नादाचे मात्र त्याचे त्यालाच. आमच्या मते आजच्या व्यवहारात या सूचनेचे मोल मोठे आहे. पहिले सहा महिने केवळ स्तनपान हा नियम आता सर्वमान्य आहे. तेव्हा निरोगी क्षीरपाला रोजची गुटी देण्याचा आग्रह आपण सोडावा आणि पोटाच्या साध्या तक्रारीत आधी मातेचा आहार व अग्नी पाहावा.

शार्ङ्गधराने पहिल्या महिन्यात एक रक्तिका, वर्षापर्यंत दरमहा एकेक रक्तिका वाढ, पुढे सोळा वर्षांपर्यंत दरवर्षी एक माष, असे मान दिले आहे. ते सौम्य द्रव्यांचे समजावे. जायफळ, वेखंड किंवा रसकल्प यांना ते सरसकट लावणे धोक्याचे आहे. शिवाय वळसा हे मापच सहाणेवर अवलंबून असते. नव्या, खरखरीत सहाणेचा एक वळसा जुन्या गुळगुळीत सहाणेच्या तिनांना भारी पडतो.

अनुपानातही भेद हवा. शार्ङ्गधराने मध, दूध, साखर व तूप ही चारही सांगितली आहेत. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि वर्षाच्या आतील बालकाच्या आतड्यात ते वाढून विष निर्माण करतात. म्हणून थोरलीला मध चालेल, धाकट्याला नाही. त्याला मातेचे दूध किंवा तूप आहेच. चाटण एकाच वाटीत कालविण्याची सवय येथे घातक ठरते.

औषधविक्रेत्या बंधूंकडे आमची विनंती एवढीच, की ‘लहान मुलासाठी’ म्हणून कोणी काही मागितले तर वय महिन्यांत विचारावे आणि पुडीवर ते ठळक लिहावे. घरात दुसरे मूल आहे का, हेही विचारावे. अडीच वर्षांच्या मुलाचा हात आजोबांच्या उशाशी सहज पोहोचतो, आणि तेथे ठेवलेल्या त्रिभुवनकीर्तीत वत्सनाभ व हिंगूळ असतात. अशी औषधे सुटी, कागदाच्या पुडीत देऊ नयेत. घट्ट झाकणाच्या डबीत द्यावीत व उंच ठेवण्यास सांगावे.

आम्ही आता प्रत्येक बालकाची चिठ्ठी वेगळी लिहितो आणि निघताना आजींकडून ती एकदा वाचून घेतो.