दूरसंचार सेवा, व्यावसायिक

दूरध्वनी, मोबाइल किंवा उपग्रह यांचे जाळे चालविणारी संस्था आपल्या जाळ्याच्या क्षमतेचा काही भाग उद्योग, बँका, शासकीय कार्यालये, सहकारी संस्था इ. ग्राहकांना ठराविक गुणवत्तेच्या हमीसह भाड्याने उपलब्ध करून देते, तेव्हा त्या सेवेस व्यावसायिक दूरसंचार सेवा म्हणतात. घरगुती ग्राहकाला मुख्यतः संभाषण व इंटरनेट जोडणी हवी असते. व्यावसायिक ग्राहकाच्या गरजा याहून वेगळ्या असतात. दोन वा अधिक ठिकाणांमधील कायम जोडणी, निश्चित वेग, माहितीची गुप्तता, सर्व शाखांसाठी एकत्रित क्रमांक व एकत्रित बिल, तसेच बिघाड झाल्यास तो किती वेळात दूर होईल याची लेखी खात्री या गोष्टी त्याला लागतात. म्हणजे दूरसंचार संस्था येथे केवळ तार विकत नाही, तर जाळे सांभाळण्याची जबाबदारी विकते. प्रस्तुत नोंदीत या सेवांचे विवेचन चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांच्या संदर्भात केले आहे. दाट जाळ्याच्या शहरांत या सेवांच्या ज्या मर्यादा झाकल्या जातात, त्या अशा विरळ वस्तीच्या प्रदेशात स्पष्ट दिसतात.

प्रदेश व ग्राहक : गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. चंद्रपूरचे क्षेत्रफळ ११,४४३ चौ. किमी. व गडचिरोलीचे १४,४१२ चौ. किमी. आहे. २०११ च्या जनगणनेनुसार चंद्रपूरची लोकसंख्या २२,०४,३०७, तर गडचिरोलीची १०,७२,९४२ होती. गडचिरोलीत दर चौ. किमी. मागे केवळ ७४ लोक राहत होते. चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळसा खाणी, २,९२० मेगावॉट क्षमतेचे महाऔष्णिक विद्युत केंद्र, बल्लारपूरचा कागद कारखाना, भद्रावतीचा आयुध निर्माण कारखाना व राजुरा-कोरपना परिसरातील सिमेंट कारखाने एकवटलेले आहेत. वैनगंगेच्या पूर्वेस मात्र जंगलाचे प्रमाण वाढत जाते. तेथील मुख्य व्यवहार तेंदूपत्ता, बांबू, मोहफूल व भात यांचे असून एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथे २०२१ पासून लोहखनिजाचे उत्खनन मोठ्या प्रमाणावर होऊ लागले. अशा रीतीने या दोन जिल्ह्यांत दोन प्रकारचे व्यावसायिक ग्राहक आढळतात. एक मोठा, एका जागी असलेला आणि पैसे मोजू शकणारा; दुसरा लहान, विखुरलेला, पण ज्याच्या जोडणीवर अनेक गावांचे व्यवहार अवलंबून असतात असा.

ऐतिहासिक आढावा : भारतात १८८५ च्या तार अधिनियमान्वये दूरसंचाराचा एकाधिकार शासनाकडे राहिला. मोठ्या कारखान्यांना व वृत्तपत्रांना तार खात्याकडून कायमस्वरूपी वाहिनी भाड्याने मिळे. दूरमुद्रकाची, म्हणजे टेलेक्सची, सोयही असे. इतरांना ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहावी लागे. रेल्वे व वीज मंडळे यांनी आपापली स्वतंत्र जाळी उभारली. विजेच्या उच्च दाबाच्या तारांवरूनच उच्च कंप्रतेचे संदेश पाठविण्याची पद्धत वीज मंडळांत रूढ झाली. भद्रावती येथील पश्चिम व दक्षिण विद्युत जाळ्यांना जोडणारे केंद्र किंवा १९९९ मध्ये कार्यान्वित झालेली चंद्रपूर-पडघे ही एकदिश प्रवाहाची वाहिनी यांसारख्या यंत्रणांत दोन्ही टोकांमध्ये अखंड संदेशवहन असणे अनिवार्य असते.

दुर्गम भागातील उद्योगांकडे स्वतंत्र सेवा म्हणून लक्ष १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस दिले गेले. त्या सुमारास राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने लहान उपग्रह-स्थानकांच्या साहाय्याने जिल्हा मुख्यालये जोडण्यास सुरुवात केली. दूरसंचार विभागानेही दूरस्थ प्रदेशातील व्यवसायांसाठी उपग्रहाधारित संदेश सेवा सुरू केली. तिचा वेग आजच्या मानाने अत्यल्प होता; तथापि जेथे तार पोहोचत नाही, तेथे लहान अँटेनाच्या साहाय्याने कारखाना व मुख्य कार्यालय जोडता येते, हे तिने दाखवून दिले. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने खासगी संस्थांना वाट मोकळी केली, १९९७ मध्ये नियामक प्राधिकरण स्थापन झाले आणि १ ऑक्टोबर २००० रोजी शासकीय सेवा भारत संचार निगम या कंपनीकडे सोपविण्यात आली. रेलटेल व पॉवरग्रिड यांनी आपल्या लोहमार्गांलगतचे व विद्युत मनोऱ्यांवरील प्रकाशीय तंतू इतरांना भाड्याने देणे सुरू केल्यावर पूर्वीची बंदिस्त जाळीही व्यावसायिक सेवांचा आधार बनली.

मूलतत्त्व : प्रत्येक कारखान्याने स्वतःची तार टाकणे खर्चिक असते व ती बहुतेक वेळ रिकामी राहते. दूरसंचार संस्था एकच वाहिनी अनेकांत वाटून देते. सर्व ग्राहकांची गरज एकाच क्षणी शिखरावर पोहोचत नाही, या अनुभवावर ही वाटणी आधारलेली असते. याखेरीज जाळ्याजवळ आणखी काही सामर्थ्ये असतात : कोणता संदेश आधी सोडावा हे ठरविणे, कॉल कोठे वळवावा हे ठरविणे, जोडणी कोणाची आहे हे ओळखणे, फिरत्या यंत्राचे स्थान कळणे आणि वापराची मोजदाद ठेवणे. हीच सामर्थ्ये वेगवेगळ्या प्रकारे एकत्र करून सर्व व्यावसायिक सेवा तयार होतात.

सेवांचे प्रकार : (१) भाडेतत्त्वावरील वाहिनी : दोन ठिकाणांमधील ठराविक क्षमता एकाच ग्राहकासाठी चोवीस तास राखून ठेवली जाते. ही सर्वांत जुनी व तुलनेने महाग सेवा असून खाण व मुख्य कार्यालय यांसारख्या सतत वर्दळीच्या जोडणीस ती योग्य ठरते.

(२) आभासी खासगी जाळे : यात वाहिनी सामाईक असते, परंतु प्रत्येक ग्राहकाच्या माहितीच्या पुडक्यांवर जाळे वेगळी खूण लावते व ती फक्त त्याच्याच शाखांकडे नेते. वीस शाखांच्या बँकेला प्रत्येक जोडीसाठी वेगळी वाहिनी घ्यायची झाल्यास १९० वाहिन्या लागतील. आभासी जाळ्यात प्रत्येक शाखेची एक याप्रमाणे वीस जोडण्या पुरतात. पैशाच्या व्यवहाराच्या पुडक्यांना इतर माहितीच्या आधी वाट देण्याची सोयही त्यात असते. केंद्रीभूत संगणकावर खाती ठेवण्याची बँकांची पद्धत देशभर पसरू शकली, ती मुख्यतः अशा जाळ्यांमुळे.

(३) लहान उपग्रह-स्थानक सेवा : ग्राहकाच्या छपरावरील अँटेना उपग्रहामार्फत संस्थेच्या मध्यवर्ती केंद्राशी बोलते. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किमी. उंचीवर असल्याने संदेश एकदा वर जाऊन खाली येण्यास सु. पाव सेकंद लागतो. खात्यातील शिल्लक पाहण्यास हा विलंब खटकत नाही; संभाषणात मात्र जाणवतो. उच्च कंप्रतेच्या पट्ट्यात मुसळधार पावसाने संकेत क्षीण होतो.

(४) क्रमांकाधिष्ठित सेवा : १८०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावर कॉलचा खर्च कॉल घेणारा सोसतो. जाळ्यातील संगणक कॉल करणाऱ्याचा प्रदेश व वेळ पाहून तो योग्य कार्यालयाकडे वळवितो. एखाद्या संस्थेच्या कर्मचाऱ्यांचे क्रमांक एका बंदिस्त गटात ठेवणे, तसेच एकाच वेळी हजारो ग्राहकांना लघुसंदेश पाठविणे या सेवाही याच वर्गात मोडतात.

(५) यंत्रांमधील संदेशवहन : वीजमापक, पंप, कोळशाचे ट्रक किंवा वजनकाटा यांत बसविलेले सिमकार्ड माणसाच्या मदतीशिवाय माहिती पाठविते. अशा जोडण्यांसाठी भारतात २०१८ पासून तेरा अंकी क्रमांकांची योजना आहे. एका यंत्राची माहिती अल्प असते. परंतु जोडण्या असंख्य असल्याने त्यांचे एकत्रित व्यवस्थापन हीच खरी सेवा ठरते.

(६) स्वतंत्र मोबाइल जाळे : खाण, बंदर वा कारखाना यांच्या आवारापुरते मर्यादित जाळे उभारण्याविषयी केंद्र शासनाने जून २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली. दूरसंचार संस्था आपल्या सार्वजनिक जाळ्याचा एक भाग ग्राहकासाठी अलग राखू शकते किंवा पूर्णतः वेगळे जाळे उभारून देऊ शकते. भूमिगत खाणीत रेडिओ तरंग खडकातून फार दूर जाऊ शकत नाहीत, म्हणून तेथे बोगद्याच्या लांबीभर खास केबल टाकावी लागते.

अखेरचा टप्पा : वरील सर्व सेवा शेवटी ग्राहकाच्या दारापर्यंत जाणाऱ्या एका दुव्यावर अवलंबून असतात. चंद्रपूर व बल्लारपूर ही शहरे दिल्ली-चेन्नई लोहमार्गावर असल्याने तेथे प्रकाशीय तंतूंचे एकाहून अधिक मार्ग उपलब्ध होणे सुकर असते. याउलट गडचिरोली जिल्ह्यात दीर्घकाळ वडसा (देसाईगंज) येथेच काय तो लोहमार्ग पोहोचला होता. एटापल्ली, भामरागड, सिरोंचा यांसारख्या ठिकाणी केबल रस्त्याच्या कडेने जाते व रस्त्याचे प्रत्येक संकट तिच्याही वाट्यास येते. रस्ता रुंदीकरणातील खोदकामाने ती तुटते. पुराने पूल पाण्याखाली गेला, की दुरुस्ती पथकाची वाट बंद होते. पर्लकोटा नदीच्या पुरामुळे भामरागडचा संपर्क पावसाळ्यात वारंवार तुटतो. सूक्ष्मतरंग दुव्यासाठी दोन मनोऱ्यांनी एकमेकांस ‘पाहणे’ आवश्यक असते. टेकड्या व उंच साग-बांबूच्या जंगलात त्यासाठी अधिक उंच मनोरे लागतात. मनोऱ्यासाठी वनजमीन मिळविणे, वीज नसेल तेथे सौर घट व विद्युत घटमाला यांवर यंत्रे चालविणे हे प्रश्न निराळेच. नक्षलवादी हिंसाचाराच्या काळात या भागात मोबाइल मनोरे जाळल्याच्या घटनाही घडल्या.

गुणवत्तेचा करार : सेवा वर्षातून किती काळ चालू राहील हे करारात टक्क्यांत नमूद करतात. ९९.५% उपलब्धता म्हणजे वर्षातून सु. ४४ तास बंद, ९९.९% म्हणजे सु. ९ तास. टक्केवारी मात्र सरासरी असते. ४४ तास वर्षभर मिनिटामिनिटाने विखुरले, तर ग्राहकाला ते जाणवणारही नाहीत. तेच सलग दोन दिवस पुरात आले, तर बँकेची शाखा बंद पडते. म्हणून एका वेळचा कमाल खंड, दुरुस्तीची मुदत, विलंबाची मर्यादा व अटी मोडल्यास मिळणारी भाड्यातील सूट यांचाही करारात समावेश करणे इष्ट असते.

खंड टाळण्यासाठी दोन जोडण्या घेतात. प्रत्येक जोडणी १% काळ बंद राहत असेल आणि त्यांचे बिघाड परस्परांशी असंबद्ध असतील, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याचा काळ ०.०१%, म्हणजे वर्षात एका तासाहून कमी भरतो. पण ‘असंबद्ध’ ही अट महत्त्वाची आहे. दोन वेगळ्या कंपन्यांच्या केबली एकाच पुलावरून जात असतील, तर ग्राहक दोन बिले भरतो. संरक्षण त्याला एकाच जोडणीचे मिळते. या प्रदेशात एक जोडणी जमिनीवरून व दुसरी उपग्रहावरून घेण्याचे खरे कारण हे आहे.

आर्थिक बाजू व सार्वजनिक निधी : सिमेंट कारखाना किंवा खाण यांच्यासाठी टाकलेली केबल वाटेतील गावांनाही जोडू शकते, मोठा ग्राहक अशा वेळी जाळ्याचा पाया बनतो. जेथे असा ग्राहक नसतो, तेथे जोडणीचा खर्च उत्पन्नातून भरून निघत नाही. ही तूट भरून काढण्यासाठी २००२ मध्ये सार्वत्रिक सेवा दायित्व निधी निर्माण करण्यात आला. दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातून त्यात भर पडते. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमानुसार त्याचे नाव डिजिटल भारत निधी झाले. नक्षलप्रभावित भागांत मोबाइल मनोरे उभारण्याच्या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०१४ मध्ये मान्यता दिली. त्या योजनेतील २,३४३ ठिकाणी दुसऱ्या पिढीच्या जागी चौथ्या पिढीची सेवा आणण्यास एप्रिल २०२२ मध्ये, तर देशातील सेवाहीन अशा २४,६८० गावांसाठी चौथ्या पिढीच्या सेवेस जुलै २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशीय तंतू नेणारी, २०११ मध्ये संमत झालेली योजना भारतनेट या नावाने ओळखली जाते.

परिणाम व मर्यादा : व्यावसायिक सेवेचा ग्राहक संस्था असली, तरी तिच्या बिघाडाची झळ पुष्कळदा त्या संस्थेबाहेरच्या माणसाला लागते. ग्रामसभांच्या लिलावातून येणारी तेंदूपत्त्याची मजुरी, रोजगार हमीचे वेतन व निवृत्तिवेतन बँक खात्यात जमा होऊ लागल्यापासून शाखेची किंवा बँक प्रतिनिधीच्या यंत्राची जोडणी हाच पैशाचा दरवाजा झाला आहे. जोडणी बंद असेल, तर खात्यात रक्कम असूनही ती हाती येत नाही आणि दूरच्या गावाहून आलेल्या मजुराचा तो दिवस व एसटीचे भाडे वाया जाते. शिधावाटप दुकानातील अंगठ्याच्या ठशाने ओळख पटविणाऱ्या यंत्राचीही हीच स्थिती असते. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पालगत वाघाची चाहूल लागताच गावाला सावध करणारे कॅमेरे बसविण्याचे प्रयोग झाले आहेत. तेथे तर इशाऱ्यातील विलंब जिवावर बेतू शकतो.

यासाठी काही यंत्रणांत जोडणी नसतानाही व्यवहार नोंदवून ठेवण्याची व ती परत येताच तो पुढे पाठविण्याची सोय केलेली असते. अशी पर्यायी सोय, बिघाडांच्या दृष्टीने परस्परांपासून स्वतंत्र असे दोन मार्ग आणि दुरुस्तीसाठी जवळच्या तालुक्यात प्रशिक्षित माणूस व सुटे भाग या तीन गोष्टींवर वनप्रदेशातील सेवेचा दर्जा वेगाच्या आकड्यापेक्षा अधिक अवलंबून असतो.