कड्याच्या कुशीतील घरे

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात १९०६ साली मेसा व्हर्डे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. मोटारीने प्रवास करणारी कुटुंबे वाट वाकडी करून तेथे थांबतात आणि कड्याच्या कपारींतील प्राचीन घरे पाहतात. ही घरे लेण्यांप्रमाणे कोरलेली नसून, वालुकाश्माचे घडीव दगड मातीच्या गाऱ्यात बसवून बांधलेली आहेत. ‘क्लिफ पॅलेस’ या सर्वांत मोठ्या वस्तीत सुमारे १५० खोल्या आहेत. तेथील लोक पठारावर मका, घेवडा व भोपळा पिकवीत आणि खडकातील खोबणींत हातपाय रोवून ये-जा करीत.

लेखी नोंद नसता या घरांचा काळ कसा कळला? झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढते. ते पावसाच्या वर्षी रुंद, कोरड्या वर्षी अरुंद असते. तुळयांतील वलये जुळवून पाहता बांधकाम मुख्यत्वे तेराव्या शतकातील ठरले. त्या शतकाच्या अखेरचे दीर्घ अवर्षणही वलयांत उमटलेले आहे. स्थलांतराचे ते एक प्रमुख कारण मानले जाते. १३०० च्या सुमारास वस्ती रिकामी झाली.

तथापि ‘ते लोक नाहीसे झाले’ असे वर्गात सांगू नये. ते दक्षिणेकडे गेले. आजचे होपी, झुनी इत्यादी प्वेब्लो समाज त्यांचेच वंशज होत. ओसाड वास्तू दाखविताना ‘येथील माणसे कोठे गेली?’ हा प्रश्न शिक्षकांनी अवश्य विचारावा.