खानदेश: जिल्हा गेला, मुलूख राहिला

खानदेश नावाचा जिल्हा आज महाराष्ट्राच्या यादीत नाही. तरी पुण्यात नोकरी करणारा शिरपूरचा किंवा पाचोऱ्याचा माणूस ‘मी खानदेशातला’ असेच सांगतो. जिल्ह्याचे नाव त्यानंतर येते, तेही विचारले तर.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि हा मुलूख कंपनी सरकारकडे आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्याकडे कारभार होता. त्याने ठाण्यासाठी पांझरेकाठचे धुळे निवडले, कारण ते मुंबई-आग्रा रस्त्यावर होते. गंमत अशी, की फारुकी सुलतानांच्या खानदेशची राजधानी बुऱ्हाणपूर या जिल्ह्यात कधी आलीच नाही. ते शिंद्यांकडे राहिले आणि पुढे निमाडात गेले. म्हणजे इंग्रजांचा खानदेश जन्मापासूनच राजधानीवाचून होता.

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, पश्चिमेला सह्याद्रीची टोके आणि मधोमध पूर्वेकडून पश्चिमेला वाहणारी तापी, अशी या मुलखाची बैठक. जमीन काळी, कपाशीची. पण तापीचे पाणी शेतकऱ्याला सहजी मिळाले नाही. तिच्या दरडी इतक्या उंच की पाट काढायची सोय नव्हती. म्हणून सिंचन वाढले ते पांझरेसारख्या उपनद्यांवर, फड पद्धतीने. नदीत दगडी बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, पुढच्या साली पीक फिरवायचे. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात, त्यामुळे पाण्यावरून एकाचे भले आणि दुसऱ्याचे वाटोळे होत नसे. पाणी सोडणारा पाटकरी गावानेच नेमलेला. सरकारी सिंचन खात्याने यातून शिकण्यासारखे बरेच होते.

एवढा पसारा एका कलेक्टरला आवरणे कठीणच. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला, तेव्हा मालेगाव, नांदगाव, बागलाण तिकडे गेले. त्याच दशकात आगगाडी आली, पण धुळ्याला वळसा घालून. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ या रांगेला बरकत आली. जळगावची कापूसपेठ फुगली. १९०६ साली जिल्ह्याची फाळणी झाली: पूर्व खानदेशचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. फाळणी कलेक्टरच्या सोयीसाठी झाली खरी, पण पूर्वेचे पारडे रुळांनी आधीच जड केले होते.

१९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि दोन्ही जिल्ह्यांच्या नावांतून खानदेश गेला. राहिले धुळे आणि जळगाव. सीमेवरची निझर, उच्छलकडची गावे गुजरातेत गेली, याची आठवण आता फारशी कुणी काढत नाही.

खरी हेळसांड झाली ती वायव्येच्या कोपऱ्याची. अक्राणीच्या डोंगरातले पाणी सातपुड्यापलीकडे नर्मदेला मिळते आणि धडगावच्या भिल्ल-पावरा माणसाला दाखल्यासाठी धुळ्याला जावे लागे. आधी डोंगर उतरायचा, मग तापी ओलांडायची. नंदुरबारला तापी खोऱ्याची रेल्वे होती, पण ती सुरतेला जाणारी. धुळे शहराशी नंदुरबार थेट रुळाने जोडले गेलेच नाही. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा झाला. पूर्व-पश्चिम वाटणीपेक्षा ही वाटणी कितीतरी जास्त न्यायाची होती, आणि ती व्हायला स्वातंत्र्यानंतर पन्नास वर्षे लागली.

अहिराणी बोलीने मात्र यातली एकही हद्द पाळली नाही. धुळ्यात ती आहे, नाशिककडे गेलेल्या बागलाणातही आहे. आणि जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात गेलात, तर जिल्ह्याची रेघ न ओलांडताच अहिराणीऐवजी लेवा बोली कानावर येते.

१९९० साली जळगावला विद्यापीठ निघाले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे त्याचे कार्यक्षेत्र, म्हणजे थोड्याफार फरकाने १९०६ पूर्वीचा खानदेश जिल्हाच. नाव मात्र दिले ‘उत्तर महाराष्ट्र’. २०१८ मध्ये त्या नावाआधी आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव लागले.