टेकडीचा माथा आणि वणव्याचा धूर

मंडळी, हुरड्याच्या दिवसांत ज्वारीच्या रानात उभा केलेला माळा आपण सर्वांनीच पाहिला आहे. चार मेढी, वर बसण्यापुरती जागा आणि हातात गोफण घेतलेले एखादे पोर. तेच पोर बांधावर उभे राहिले तर त्याला पुढची चार ताटे तेवढी दिसतील. माळ्यावर चढले की साऱ्या शेतातले पाखरू त्याच्या नजरेत येते. नळदुर्गच्या किल्ल्यातला उपळ्या बुरूज म्हणजे या माळ्याचा दगडी थोरला भाऊच म्हणा ना! जंगलातली आग लांबून हेरण्यासाठी जे मनोरे बांधतात, तेही याच कुळातले.

१९१० साली अमेरिकेत, आयडाहो आणि मोंटाना या भागांत, दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर रान जळून गेले. त्यानंतर तिकडे डोंगरमाथ्यांवर मनोरे उभे राहिले आणि उन्हाळाभर एकेक पहारेकरी वर राहू लागला. पुढे विमाने आली, उपग्रह आले, आणि बहुतेक मनोऱ्यांवरचा पहारा उठला. वर जाणाऱ्या पायवाटा मात्र राहिल्या. आता लोक त्या वाटांनी हौसेने चढून जातात. आपल्याकडे मेळघाट, ताडोबा अशा जंगलांत वनखात्याचे मनोरे आहेत.

मग आम्हा वाशीकरांचे काय? आमचा बालाघाट काही कळसूबाईसारखा १६४६ मीटर उंच नाही. माथे सपाट, उतारावर कुसळीचे गवत आणि मध्येच पळस, सालई, धावडा. पण डोंगर चढण्याची सवय आमच्या लोकांना जुनीच आहे. येरमाळ्याच्या येडेश्वरीला चैत्री पौर्णिमेला माणसांचा पूर येतो, कुंथलगिरीच्या पायऱ्या जैन यात्रेकरू पिढ्यान्‌पिढ्या चढत आले आहेत. तेरखेडा, येरमाळा मागे टाकून येडशीला गेले की रामलिंगाचा घाट लागतो. त्या घाटातले सुमारे २२ चौरस किलोमीटरचे रान १९९७ पासून अभयारण्य आहे. दुष्काळी मुलखातले हे एवढेसे रान. एक वणवा त्याला किती लागतो?

आता उंचीचा हिशेब पाहा. गुरुजींनी हा वर्गात करून घ्यावा. डोळा जमिनीपासून जितके मीटर उंच, त्या संख्येचे वर्गमूळ काढून त्याला साडेतीनने गुणावे. सपाट मुलखात साधारण तितके किलोमीटर दूर क्षितिज असते. दीड मीटर उंचीवरून ते चार-सव्वाचार किलोमीटर होते, पंधरा मीटरच्या मनोऱ्यावरून साडेतेरा. धूर तर स्वतःच वर चढतो, म्हणून तो क्षितिजापलीकडचाही दिसतो.

पण दिसणे निराळे आणि ओळखणे निराळे. एकदा मी मुलांना घेऊन एका माथ्यावर गेलो असता लांब धूर दिसला आणि मी ‘वणवा, वणवा’ म्हणून ओरडलो. शेजारी मेंढरे राखणारा म्हातारा हसून म्हणाला, “मास्तर, ती खव्याची भट्टी हाय. रोज ह्या टायमाला पेटती.” आमच्या भूम-वाशीकडे खव्याच्या भट्ट्या पुष्कळ, शिवाय गुऱ्हाळे. ज्याला रोजचा धूर ठाऊक आहे त्यालाच नवा धूर कळतो. वावटळीची धूळही फसवते. तेव्हा तिचा पाय पाहावा. वावटळ चालत चालत विरून जाते. धुराचे बूड एका जागी असते आणि वाऱ्याकडे कलते ते त्याचे शेंडे.

धूर दिसला, पण तो आहे कुठे? एका माथ्यावरून फक्त दिशा कळते, अंतर कळत नाही. होकायंत्राने दिशेचा अंश मोजावा आणि नकाशावर त्या माथ्यापासून तशी रेघ ओढावी. दुसऱ्या माथ्यावरच्या माणसाने आपली रेघ ओढावी. दोन्ही जिथे कापतात तिथे आग. दुसरा माथा मात्र बाजूला हवा. दोघे जवळजवळ एकाच रेषेत असले तर रेघा लांबवर घासत जातात आणि छेद नीट सापडत नाही. एका अंशाची चूक दहा किलोमीटरवर सुमारे पावणेदोनशे मीटरची होते. आता उपग्रहावरून वनखात्याला आगीची सूचना मिळते, हे खरे. पण उपग्रह आपल्या फेरीच्या वेळी येतो, आणि बांध पेटवल्याची ठिणगी काही त्याची वाट पाहत थांबत नाही.

बहुतेक वणवे माणसाच्याच हातून लागतात. कुणी बांध जाळतो, कुणी कोवळा चारा लवकर फुटावा म्हणून माळ पेटवतो, कुणी बिडीचे थोटूक टाकतो. पेटवणाऱ्याला वाटते, आपल्या कोपऱ्यापुरतेच आहे. पण चढावर आग फार वेगाने धावते. ज्वाळा उताराकडे झुकलेली असते. ती वरच्या गवताला शेकून, वाळवून आधीच तयार करून ठेवते. घळीत तर चुलीच्या धुराड्यासारखी ओढ लागते. ११ मार्च २०१८ रोजी तामिळनाडूत, थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात, हौसेने फिरायला गेलेली मंडळी अशाच आगीत सापडली. वीसहून अधिक माणसे गेली. त्यांत बहुतेक तरुण मुलेमुली होती.

म्हणून डोंगरावर जायचे ते श्रावणापासून मार्गशीर्षापर्यंत जावे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखाते वणव्याचा हंगाम धरते. त्याआधीच जाळरेषा काढल्या जातात, म्हणजे गवताचा पट्टा जाळून मोकळा करतात, की आग तिथे येऊन उपाशी मरावी. अभयारण्यात वनरक्षकाला विचारल्यावाचून जाऊ नये. तरीही आगीत सापडलाच, तर माथ्याकडे पळू नका. वाऱ्याला आडवे होऊन बाजूने, शक्य तर खालच्या अंगाला निघा. नांगरट, उघडा खडक किंवा जळून काळी झालेली जागा गाठा. काळी जागा भयाण दिसते, पण तिथे पुन्हा जळायला काही उरलेले नसते. आणि सुटल्याबरोबर १९२६ या क्रमांकावर वनखात्याला कळवा.

विजेचेही तसेच. वैशाख-ज्येष्ठात दुपारी ढग भरून आले की माथा, मनोरा, एकटे झाड सोडून खाली उतरावे. वीज चमकल्यापासून गडगडाट होईपर्यंत सेकंद मोजा. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आकडा आला तर उतरायला उशीरच झाला म्हणायचा.

पाणी माणशी दोन लिटर न्यावे. होकायंत्र शाळेत असतेच. वर पोचल्यावर मुलांना आधी डबे उघडू देऊ नका. चहूबाजूंचे धूर मोजायला लावा आणि प्रत्येकापुढे कोणाची भट्टी, कोणाचे गुऱ्हाळ ते लिहायला सांगा. ज्या धुराला नाव मिळणार नाही, तेवढ्याचीच रेघ नकाशावर ओढायची.