बारदानाची जन्मकथा

पेढीवर धान्याचे वजन होते तेव्हा बारदानाचे वजन वजा केले जाते आणि त्याचा विचारही तेथेच संपतो. परंतु ज्या तागापासून हे बारदान बनते, त्याची कथा व्यापारी कुटुंबांनी अवश्य जाणून घ्यावी अशी आहे.

ताग ही गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील उष्ण, दमट हवेत वाढणारी वनस्पती. सुमारे १२० दिवसांत ती माणसाच्या उंचीहून वर जाते. कापलेल्या जुड्या दोन-तीन आठवडे पाण्यात कुजवितात. जीवाणू सालीतील चिकट द्रव्य विरघळवितात आणि शेतकरी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून हाताने धागा सोडवितो.

एकोणिसाव्या शतकात हा धागा स्कॉटलंडमधील डंडी येथे गेला. परंतु तो राठ असल्याने यंत्रावर नीट कातला जाईना. डंडी हे देवमाशांच्या शिकारीचेही बंदर होते. देवमाशाचे तेल व पाणी यांनी ताग मऊ होतो, हे तेथे उमगले आणि गिरण्या भरभराटीस आल्या. वनस्पतीचा निष्पाप धागा, पण त्याच्या वैभवामागे एका महाकाय जीवाचा वध!

१८५५ मध्ये हुगळीकाठी रिश्रा येथे भारतातील पहिली ताग गिरणी निघाली. हा उद्योग दीर्घकाळ इंग्रजांच्या हाती होता. पहिल्या महायुद्धानंतर ज्या भारतीयांनी त्यात पाऊल टाकले, त्यांत इंदूरचे जैन उद्योगपती सर सेठ हुकुमचंद अग्रभागी होते. १९४७ च्या फाळणीने गिरण्या भारतात ठेवल्या, तर तागाची उत्तम शेती पूर्व पाकिस्तानात गेली. १९८७ मध्ये ठरावीक मालासाठी तागाचे वेष्टन सक्तीचे करणारा कायदा झाला. त्याच्या आधारावर आजही अनेक गिरण्या तग धरून आहेत.

देवमाशाच्या तेलाची जागा पुढे खनिज तेलाने घेतली. खाद्यपदार्थांच्या पोत्यांसाठी आता तांदळाच्या कोंड्याचे तेलही वापरतात. म्हणजे हिंसेचा मार्ग अटळ नव्हता; पर्याय शोधण्याची इच्छा हवी होती.

वस्तू वनस्पतिजन्य आहे एवढ्यावर तिची अहिंसा सिद्ध होत नाही. ती कशी घडली, हेही पाहावे लागते. उद्योगी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही, पण कमी निश्चित करता येते. पुढील वेळी बारदान खरेदी करताना भावाबरोबर ‘यात कोणते तेल वापरले?’ एवढा प्रश्न आपण विचारावा. विवेकाची सुरुवात अशा लहान प्रश्नातूनच होते.